संगीतप्रेरित चित्रकला (शालेय शिक्षण)

संगीतप्रेरित चित्रकला ही शालेय कलाशिक्षणातील एक अध्यापनपद्धती आहे. या पद्धतीत विद्यार्थी गायन, वाद्यवादन किंवा केवळ लय ऐकतात आणि त्या श्रवणाचा अनुभव रेषा, आकार, रंग व पोत यांच्या साहाय्याने कागदावर उतरवतात. पाहिलेल्या वस्तूची प्रतिकृती काढणे हा येथे उद्देश नसतो. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याला दृश्यरूप देण्याचा प्रयत्न या पद्धतीच्या केंद्रस्थानी असतो.

भारतीय परंपरेत संगीत आणि चित्र यांचा संबंध फार जुना आहे. रागमाला चित्रे हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. आधुनिक काळात युरोपातील अमूर्त चित्रकारांनी, तसेच भारतातील शांतिनिकेतन व नयी तालीम यांसारख्या शैक्षणिक प्रयोगांनी कलांच्या परस्परसंबंधाकडे नव्याने लक्ष वेधले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलासमेकित अध्ययनाचा पुरस्कार केला गेल्यामुळे या पद्धतीला शालेय व्यवहारात नवे महत्त्व प्राप्त झाले आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा इतिहास, तात्त्विक आधार, वर्गातील कार्यवाही व मर्यादा यांचा परामर्श घेतला असून, मराठवाड्यातील परभणी जिल्ह्याच्या लोकसंगीताचा त्या दृष्टीने विशेष विचार केला आहे.

## स्वरूप

संगीतप्रेरित चित्रांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

१. आशयप्रधान चित्र : गाण्यातील शब्द, प्रसंग किंवा कथा यांचे चित्रण. पावसाच्या गाण्यावरून ढग, छत्री व भिजणारी मुले काढणे हे त्याचे सोपे उदाहरण.

२. भावप्रधान चित्र : संगीत ऐकताना मनात उमटलेल्या भावनेचे किंवा आठवणीचे चित्रण. यात दृश्य ओळखीचे असू शकते. परंतु ते गाण्यात सांगितलेले नसते, ऐकणाऱ्याने आपल्या अनुभवातून आणलेले असते.

३. नादप्रधान चित्र : ध्वनीच्या गुणधर्मांचे थेट रेषा-रंगांत रूपांतर. स्वराची उंची, लयीची गती, आवाजाचा लहानमोठेपणा, वाद्याचा नादगुण आणि मधली शांतता यांना विद्यार्थी आपापली चिन्हे देतो. ही चित्रे बहुधा अमूर्त असतात.

शब्दप्रधान गीत ऐकवल्यास बहुतेक मुले पहिल्या प्रकाराकडे वळतात, कारण शब्द चित्राचा विषय आयताच पुरवतात. केवळ वाद्यसंगीत ऐकवल्यास दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराला वाव मिळतो. त्यामुळे कोणते संगीत निवडले, यावरच पाठाचे उद्दिष्ट बऱ्याच अंशी ठरते.

## इतिहास

### प्राचीन भारतीय विचार

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा आणि मार्कंडेय ऋषी यांचा संवाद आहे. राजाला मूर्ती घडवण्याचे शास्त्र शिकावयाचे असते. त्यासाठी आधी चित्रकला जाणली पाहिजे, चित्रकलेसाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत जाणले पाहिजे, असे मार्कंडेय त्याला सांगतात. कलांना एकमेकींपासून वेगळे काढून शिकवता येत नाही, हा विचार या संवादात स्पष्टपणे मांडलेला आहे.

### रागमाला चित्रे

मध्ययुगीन संगीतशास्त्रात रागांना मानवी रूपे देण्याची प्रथा रूढ झाली. राग हे पुरुषरूप व रागिण्या या त्यांच्या स्त्रिया अशी कल्पना करून प्रत्येकाचे ध्यानश्लोक रचले गेले. सोमनाथाच्या 'रागविबोध' (१६०९) या ग्रंथात अशी ध्याने आढळतात. या शब्दचित्रांच्या आधारे चित्रकारांनी रागमाला रंगवल्या. तोडी रागिणी म्हणजे वीणा घेतलेली व भोवती हरणे जमलेली स्त्री, हिंदोल म्हणजे झोपाळा, मेघ म्हणजे दाटून आलेले आभाळ असे संकेत त्यांत स्थिर झाले. राजस्थान, पहाडी प्रदेश, मध्य भारत व दख्खन या सर्व भागांत रागमाला रंगवल्या गेल्या.

दख्खनी रागमालेतील सर्वांत जुन्या चित्रांचा एक गट सोळाव्या शतकाच्या अखेरचा असून तो सामान्यतः अहमदनगरच्या निजामशाहीशी जोडला जातो. या राजवंशाचा परभणी जिल्ह्याशी जुना संबंध आहे. फेरिश्ताच्या इतिहासानुसार निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याच्या वडिलांचे पूर्वज पाथरी येथील कुलकर्णी होते, आणि पुढे बुऱ्हाण निजामशहाने याच कारणाने पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडून घेतली. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा हाही संगीत व चित्र या दोहोंचा आश्रयदाता होता. 'किताब-ए-नौरस' हा गेय पदांचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे.

रागमाला चित्रे ही चित्रकाराने प्रत्यक्ष गायन ऐकत काढलेली चित्रे नव्हेत. ती ठरलेल्या काव्यमय संकेतांवर आधारलेली आहेत. वर्गातील उपक्रमाशी त्यांचे नाते सांगताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

### युरोपातील आधुनिक चित्रकला

जानेवारी १९११ मध्ये म्युनिच येथे आर्नोल्ड शोनबर्ग यांच्या संगीताची मैफल ऐकल्यानंतर वासिली कांडिन्स्की यांनी 'इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)' हे चित्र रंगवले. त्यातील मोठ्या पियानोचा काळा आकार आणि चित्रभर पसरलेला पिवळा रंग प्रसिद्ध आहे. पॉल क्ले हे स्वतः उत्तम व्हायोलिनवादक होते आणि त्यांनी बाउहाउस या कलाशाळेत १९२१ पासून अध्यापन केले. त्याच संस्थेत गेर्ट्रुड ग्रुनोव्ह या संगीतशिक्षिकेने स्वर, रंग व शरीराची हालचाल यांचा मेळ साधणारे वर्ग घेतले. पीट मोंद्रियान यांचे 'ब्रॉडवे बूगी वूगी' (१९४२-४३) हे चित्र जाझ-परंपरेतील तालबद्ध पियानोवादनाने प्रेरित आहे.

याच्या उलट दिशेचे उदाहरण म्हणजे रशियन संगीतकार मोदेस्त मुसोर्गस्की यांची 'पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन' (१८७४) ही पियानोरचना. दिवंगत मित्र व्हिक्टर हार्टमन यांच्या चित्रप्रदर्शनातून ती स्फुरली.

### भारतीय शिक्षणातील प्रयोग

रवींद्रनाथ ठाकूर यांनी शांतिनिकेतन येथे १९०१ मध्ये शाळा सुरू केली आणि १९१९ मध्ये कलाभवनाची स्थापना केली. तेथे गायन, चित्र, नृत्य व ऋतूत्सव हे दैनंदिन शिक्षणाचेच भाग होते. नंदलाल बोस यांचे विद्यार्थी देवी प्रसाद हे १९४४ मध्ये वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे आले आणि १९६२ पर्यंत तेथील नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक होते. 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच, कला हा शिक्षणाचा पाया आहे, ही त्यांची भूमिका दिसते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील मुलांच्या चित्रांकडे गांभीर्याने पाहणारा हा एक महत्त्वाचा प्रयोग होता.

बालशिक्षणाच्या क्षेत्रात गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह केलेल्या कामात बालगीते, ताल व हस्तव्यवसाय यांना मोठे स्थान होते. परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंमधून शैक्षणिक साहित्य तयार करण्याची त्यांची रीत आजही ग्रामीण शाळांना उपयोगी पडते.

## तात्त्विक आधार

### इंद्रियांचा परस्परसंबंध

एका इंद्रियाच्या संवेदनेचा दुसऱ्या इंद्रियाच्या संवेदनेशी मेळ घालण्याची प्रवृत्ती माणसात सर्वसाधारणपणे आढळते. वोल्फगांग क्योलर यांनी १९२९ मध्ये निरर्थक शब्द आणि आकृत्या यांचा संबंध दाखवून दिला. पुढे २००१ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन व एडवर्ड हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' हे शब्द घेऊन तोच विषय मांडला. बहुतेक लोक 'बूबा' हे नाव गोलाकार आकृतीला व 'किकी' हे टोकदार आकृतीला देतात. मराठीतही स्वराला उंच, खालचा, जाड, बारीक, कोवळा किंवा गोड म्हटले जाते. ही सर्व विशेषणे दृष्टी, स्पर्श व रुची यांच्या अनुभवातून आली आहेत.

स्टीफन पामर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिका व मेक्सिको येथील व्यक्तींना पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकवून त्याला जुळणारे रंग निवडण्यास सांगितले होते. द्रुत लयीच्या व 'मेजर' स्वरपद्धतीतील संगीतासाठी उजळ, गडद छटेचे व पिवळसर रंग निवडले गेले, तर विलंबित व 'मायनर' संगीतासाठी फिकट, काळपट व निळसर रंग. संगीत आणि रंग यांना जोडणारा दुवा भावना हा असतो, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. हिंदुस्थानी रागसंगीत किंवा मराठी लोकसंगीत यांना तो जसाच्या तसा लावता येत नाही.

### चित्रविकासाच्या अवस्था

व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' या ग्रंथात मुलांच्या चित्रविकासाच्या अवस्था मांडल्या. साधारण दोन ते चार वर्षांपर्यंत मूल रेघोट्या ओढते. चार ते सात या काळात ओळखू येणारे आकार येऊ लागतात. सात ते नऊ या काळात माणूस, झाड, घर यांचे ठरावीक साचे तयार होतात. नऊ ते बारा या काळात चित्र 'खऱ्यासारखे' दिसावे अशी ओढ लागते. याच शेवटच्या टप्प्यावर अनेक मुले 'मला चित्र येत नाही' असे ठरवून चित्र काढणे सोडतात.

दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, नदी आणि चार पक्षी हे चित्र महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक वर्गात पाहावयास मिळते. ज्या गावाच्या क्षितिजावर डोंगर नाही, तेथील मूलही तेच काढते. संगीतप्रेरित चित्रकलेचे महत्त्व येथे दिसून येते. सनईच्या सुरासाठी तयार साचा उपलब्ध नसतो. हुबेहूबपणाची कसोटीच लागू होत नसल्यामुळे 'चित्र न येणारे' मूल व वर्गातील 'चित्रकार' मूल एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात.

## अभ्यासक्रमातील स्थान

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या अनुषंगाने कलाशिक्षण दहावीपर्यंत अनिवार्य असावे, अशी भूमिका मांडली गेली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील कलासमेकित अध्ययनाची संकल्पना कलेला इतर विषयांच्या अध्यापनाशी जोडते. महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक मंडळाच्या 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकांत कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण यांचे एकत्रित उपक्रम दिलेले आहेत.

माध्यमिक स्तरावर कला संचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचा प्रभाव मोठा आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांत विद्यार्थ्याच्या हाताला शिस्त लागते. तथापि संगीत ऐकून चित्र काढण्याला या परीक्षांत स्वतंत्र स्थान नाही, त्यामुळे परीक्षेच्या तयारीत गुंतलेल्या वर्गात हा उपक्रम मागे पडतो. वास्तविक, जत्रा, बाजार किंवा मिरवणूक यांसारखे स्मरणचित्र काढण्यापूर्वी त्या प्रसंगाचा आवाज आठवणे किंवा ऐकणे उपकारक ठरू शकते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून अधिक विद्यार्थी असल्यास कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पहिली ते पाचवीच्या शाळांसाठी अशी तरतूद नाही. तेथे साठपर्यंत विद्यार्थ्यांसाठी दोन शिक्षक हे प्रमाण आहे. म्हणजे ग्रामीण भागातील लहान प्राथमिक शाळेत दोन शिक्षक पाच इयत्ता आणि सर्व विषय सांभाळतात. चित्रकलेचा व संगीताचा प्रशिक्षित शिक्षक तेथे असण्याची शक्यता कमी असते. एकच संगीत सर्व इयत्तांना एकाच वेळी ऐकवता येते व प्रत्येक मूल आपल्या वयानुसार प्रतिसाद देते, या कारणाने ही पद्धती बहुवर्ग अध्यापनास विशेष अनुकूल आहे.

## वर्गातील कार्यपद्धती

साधारणतः सलग दोन तासिका या उपक्रमास पुरेशा होतात. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

निवड : संगीताचा तुकडा तीन ते पाच मिनिटांचा असावा. आरंभी शब्दविरहित वाद्यसंगीत घ्यावे. रागाचे, वाद्याचे किंवा कलावंताचे नाव आधी सांगू नये. नाव कळताच मुले अपेक्षित उत्तर शोधू लागतात.

श्रवण : पहिल्यांदा ऐकताना हातात खडू, पेन्सिल काहीही नसावे. डोळे मिटून ऐकणे सक्तीचे नसावे. काही मुलांना ते अवघड जाते.

हालचाल : दुसऱ्यांदा ऐकताना हवेत बोटाने रेषा काढावयास सांगावे. सूर चढला की हात कोठे जातो, ठोका पडला की काय होते, हे मुलांना स्वतःच उमगते.

कच्ची रेषा : तिसऱ्यांदा ऐकताना रद्दी वर्तमानपत्रावर, पाटीवर किंवा शाळेच्या फरशीवर खडूने रेषा काढाव्यात. हे चित्र जपून ठेवावयाचे नसते, त्यामुळे चुकण्याची भीती उरत नाही.

चित्र : यानंतर कोऱ्या कागदावर मुख्य काम सुरू होते. तैलखडू, जलरंग, पोस्टर रंग यांपैकी जे असेल ते वापरावे. नसल्यास कोळसा, गेरू, हळद, विटेचा चुरा व पानांचा रस यांवरही काम भागते. ब्रशाऐवजी काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा चालतो. संगीत हळू आवाजात सुरू ठेवता येते, परंतु शेवटची काही मिनिटे शांततेत काम होऊ द्यावे.

संवाद : प्रत्येक मुलाने आपल्या चित्रातील एक जागा दाखवून तेथे काय ऐकू आले ते सांगावे. 'हे काय काढलेस?' या प्रश्नापेक्षा 'हे कोठे ऐकू आले?' हा प्रश्न अधिक फलदायी असतो. या टप्प्यावर संगीताचे नाव व माहिती सांगावी आणि तोच तुकडा पुन्हा ऐकवावा.

मांडणी : सर्व चित्रे एका ओळीत, क्रमांक न देता लावावीत. एकाच संगीतावरून इतकी निरनिराळी चित्रे निघाली, हे पाहणे हाच पाठाचा समारोप होय.

## संगीताची निवड

### रागसंगीत

हिंदुस्थानी संगीतात रागांची दिवसाच्या प्रहरांशी सांगड घातलेली आहे. भैरव पहाटेचा व सकाळचा, सारंग दुपारचा, मारवा मावळतीचा, यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, मालकंस उत्तररात्रीकडे झुकणारा, तर मेघ व मल्हाराचे प्रकार वर्षाऋतूचे मानले जातात. भूप व दुर्गा हे पाच स्वरांचे राग असल्याने लहान मुलांना सहज लक्षात राहतात. एकाच दिवशी सकाळी भैरव व दुपारच्या सुट्टीनंतर सारंग ऐकवून दोन्ही चित्रांची तुलना करता येते.

शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) व ब्रिजभूषण काब्रा (गिटार) यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने उपयुक्त आहे. काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा एक दिवस तिच्यात वेगवेगळ्या रागांतून मांडला आहे. पाश्चात्त्य संगीतातून अंतोनियो विवाल्दी यांचे 'फोर सीझन्स' (प्रकाशन १७२५) आणि कामीय सँ-साँ यांची प्राण्यांवरील 'कार्निव्हल ऑफ द अॅनिमल्स' (१८८६) ही रचना शाळांतून वापरली जाते.

### परभणी जिल्ह्यातील लोकसंगीत

परभणी जिल्ह्यात परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा हे नऊ तालुके आहेत. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील हा काळ्या मातीचा, कापूस-ज्वारी-सोयाबीनचा प्रदेश आहे. येथील मुलांच्या कानावर पडणारे संगीत विपुल व विविध असून, त्यासाठी शाळेला कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

गोंधळ : लग्नानंतर अनेक घरांत कुलदेवतेचा गोंधळ घातला जातो. संबळाच्या जोडीचे लहानमोठे ठोके, तुणतुण्याचा अखंड सूर, मध्येच उंचावणारा गोंधळ्याचा आवाज आणि दिवटीचा उजेड यांमुळे तो नाद व दृश्य या दोहोंचा अनुभव ठरतो. परभणीचे राजाराम कदम यांनी गोंधळ या कलेला जिल्ह्याबाहेर प्रतिष्ठा मिळवून दिली. संबळाचा ठोका व तुणतुण्याचा सूर यांतील भेद (तुटक ठिपका आणि सलग रेषा) चित्रकलेच्या प्राथमिक पाठास अत्यंत सोयीचा आहे.

जात्यावरच्या ओव्या : गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दळणकांडण करताना विठ्ठलाला आळवणाऱ्या जनाबाईंची परंपरा गावोगावच्या स्त्रियांनी ओव्यांतून चालवली. हेमा राईरकर व गी पॉइटव्हां यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन झाले आहे. गिरण्या आल्यानंतर जाते थांबले, त्यामुळे आजच्या मुलांना ओवी ऐकायला आजीकडेच जावे लागते. जात्याची घरघर, फिरणारा खुंटा आणि ओवीचा संथ फेर यांतून वर्तुळाकार रेषेचा अभ्यास घडतो. मुलांनी घरी ओवी ऐकून यावी व वर्गात चित्र काढावे, अशी जोडणी केल्यास वृद्ध स्त्रियांचे ज्ञानही शाळेत पोहोचते.

वारकरी भजन : टाळ, पखवाज व वीणा यांच्या साथीने चालणाऱ्या भजनात लय हळूहळू वाढत जाते. चाळीस टाळ एकदम वाजणे व ते थांबल्यानंतरची शांतता हा विरोध मुलांना रंगांतून दाखवता येतो.

इतर प्रकार : खंडोबाच्या वाघ्या-मुरळीचे जागरण व त्यातील दिमडी, नागपंचमीची फेराची गाणी, पोळ्याची वाजंत्री, तांड्यांवरील बंजारा स्त्रियांची गीते, भीमगीते, तसेच परभणी येथील हजरत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसातील कव्वाली हे सर्व जिल्ह्याच्या नादविश्वाचे भाग आहेत. परभणी येथे आकाशवाणीचे केंद्र असून रेडिओ हेही श्रवणाचे एक सुलभ साधन आहे.

संगीताखेरीज परिसरातील लयबद्ध आवाजही उपयोगी पडतात. पूर्णा जंक्शनवरून जाणारी आगगाडी, विहिरीवरची मोटार, पिंजणाऱ्या कापसाचा आवाज किंवा पत्र्यावरचा पाऊस यांपासून आरंभ केल्यास 'मला संगीतातले कळत नाही' म्हणणाऱ्या शिक्षकालाही संकोच वाटत नाही.

### लोककलावंतांचा सहभाग

ध्वनिमुद्रणापेक्षा गावातील वादकाला प्रत्यक्ष शाळेत बोलावणे अधिक परिणामकारक असते. तथापि लोकवाद्यांमागे सामाजिक इतिहास आहे, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे. हलगीसारखी वाद्ये वाजवणे हे काही जातींवर गावकीचे काम म्हणून लादले गेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीच्या प्रभावाने अनेक कुटुंबांनी ते काम नाकारले आणि तो नकार त्यांच्या स्वाभिमानाचा भाग आहे. म्हणून एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या जातीवरून 'तू वाजवून दाखव' असे म्हणणे सर्वथा अनुचित होय. वादकाला पाहुणा शिक्षक म्हणून, योग्य मानधन देऊन व खुर्चीवर बसवून बोलावले, तर ज्या मुलाच्या घरी ते वाद्य आहे त्याला वर्गात मान वर करून बसता येते. चित्रांच्या संवादात वादकालाही सहभागी करून घ्यावे. आपला ठोका मुलाने कसा काढला, हे सांगण्याचा अधिकार त्याचा आहे.

## विशेष गरजा असलेले विद्यार्थी

कर्णबधिर विद्यार्थ्यांना संगीताची कंपने स्पर्शाने जाणवतात. पखवाजाच्या किंवा संबळाच्या कडेवर हात ठेवून, अथवा वाजणाऱ्या पेटीच्या लाकडाला तळहात लावून त्यांना लय अनुभवता येते व तिचे चित्र काढता येते. दृष्टिबाधित मुलांसाठी शाडूची माती, दोरा, वाळू व धान्याचे दाणे यांतून उठावाचे काम घेता येते. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळतो. 'चुकीचा' रंग वापरला म्हणून अशा मुलाला टोकू नये. मोठ्या आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांना वाद्यापासून दूर बसण्याची मुभा असावी.

## मूल्यमापन

महाराष्ट्रातील सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कला या विषयासाठी वर्णनात्मक नोंदींना महत्त्व आहे. संगीतप्रेरित चित्रासाठी 'सुंदर', 'छान' अशा नोंदींपेक्षा निरीक्षणात्मक नोंदी उपयुक्त ठरतात : विद्यार्थ्याने लयीतील बदल रेषेतून दाखवला, शांततेसाठी कागद कोरा सोडला, स्वतःच्या निवडीचे कारण सांगितले, दुसऱ्याचे चित्र पाहून वेगळा अर्थ मांडला. वर्षभरातील चित्रे दिनांकासह एकत्र ठेवल्यास मुलाची प्रगती त्याच्याच आधीच्या कामाशी ताडून पाहता येते. इतरांशी तुलना या पद्धतीच्या हेतूला बाधक ठरते.

## टीका व मर्यादा

या पद्धतीवर पुढील आक्षेप घेतले जातात.

संकेतांची पुनरावृत्ती : आनंदी संगीत म्हणजे पिवळा आणि दुःखी संगीत म्हणजे निळा असे समीकरण शिक्षकाने सुचवले, तर डोंगर-सूर्याच्या साच्याऐवजी दुसरा साचा तयार होतो. रागांच्या वेळा व रागमालेची रूपे हीदेखील परंपरेने शिकवलेली आहेत. ती माहिती म्हणून चित्रानंतर सांगावी, उत्तर म्हणून चित्राआधी सांगू नये.

अतिरंजित दावे : १९९३ मध्ये फ्रान्सिस राउशर व सहकाऱ्यांनी मोझार्टचे संगीत ऐकल्यानंतर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची अवकाशीय तर्कक्षमता काही मिनिटांपुरती वाढल्याचे नोंदवले. त्यावरून संगीताने मुले हुशार होतात, असा समज जगभर पसरला. मूळ संशोधन लहान मुलांवरील नव्हते व परिणामही अल्पकाळ टिकणारा होता. संगीतप्रेरित चित्रकलेचे समर्थन बुद्ध्यांक किंवा गुणवाढ यांच्या आधारे करणे योग्य नाही. ऐकणे, निवडणे आणि स्वतःचे म्हणणे मांडणे ही तिची खरी फलिते होत.

संगीताचे दुय्यमत्व : चित्र काढताना संगीत केवळ पार्श्वभूमीला वाजत राहिले, तर संगीतशिक्षण घडत नाही. म्हणूनच श्रवणासाठी राखीव वेळ व शेवटी पुन्हा ऐकणे हे टप्पे गाळू नयेत. हा उपक्रम संगीताच्या तासिकेला पर्यायही ठरू शकत नाही.

भावनिक जोखीम : काही सुरांशी मुलाच्या घरातील मृत्यू, स्थलांतर किंवा दुःखद प्रसंग जोडलेला असू शकतो. शेतीच्या आपत्तींनी पोळलेल्या मराठवाड्यात ही शक्यता दुर्लक्षिण्यासारखी नाही. चित्रातून असे काही प्रकट झाल्यास त्याची वर्गात जाहीर चर्चा करू नये आणि चित्र भिंतीवर लावावे की नाही, याचा निर्णय मुलावर सोडावा. शिक्षकाने चित्रावरून मानसिक निदान करू नये. ते तज्ज्ञांचे कार्य आहे.

वेळेची मर्यादा : भाषा व गणित यांच्या चाचण्यांचा ताण असलेल्या शाळेत कलेची तासिका प्रथम कापली जाते. ओवी, भजन किंवा गोंधळ यांवरील चित्रे भाषेच्या पाठाशी व परिसर अभ्यासाशी जोडल्यास ही अडचण काही अंशी दूर होते. मात्र जोडणी करताना चित्राला धड्याची सजावट समजले जाण्याचा धोका संभवतो.

## महत्त्व

लहान गावातील मुलाच्या दृष्टीने या पद्धतीचे मोल दुहेरी आहे. चित्र म्हणजे हुबेहूब नक्कल, या समजुतीतून ती त्याला मोकळे करते. आणि घरातील व गावातील आवाज शाळेत आणण्याजोगे आहेत, ही जाणीव देते. जाते, संबळ, दिमडी व तुणतुणे यांचे आवाज दैनंदिन जीवनातून झपाट्याने कमी होत आहेत. ते ऐकलेली पिढी हयात असेपर्यंतच मुलांना ते प्रत्यक्ष ऐकता येतील, आणि ऐकलेल्याचे चित्र काढणारे मूल तो आवाज दीर्घकाळ विसरत नाही.

## हे सुद्धा पहा

रागमाला चित्रे
कलासमेकित अध्ययन
नयी तालीम
गोंधळ (लोककला)
ओवी
संत जनाबाई
परभणी जिल्हा